किल्ली काढल्यावरही चालणारी वीज

रस्त्याने जाणाऱ्या मोटारगाडीच्या पुढच्या काचेकडे नीट पाहा. वरच्या भागात एक लहानशी पट्टी चिकटवलेली दिसेल. ती फास्टॅगची पट्टी. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर नाक्यांवर ती सक्तीची झाली. काही गाड्यांत तिच्याजवळच रस्त्याचे चित्रण करणारा छोटा कॅमेरा असतो. प्रवासी गाडी असेल, तर तिचे ठिकाण कळविणारे यंत्रही आत कोठेतरी बसविलेले असते.

यांपैकी फास्टॅगला घट लागत नाही आणि तारही लागत नाही. नाक्यावरील यंत्राकडून येणाऱ्या रेडिओलहरींतूनच तिला पुरेशी ऊर्जा मिळते. कॅमेरा आणि ठिकाणदर्शक यंत्र यांचे तसे नाही. त्यांना गाडीच्या बॅटरीतून वीज द्यावी लागते. आणि ती पुष्कळदा गाडी उभी असताना, किल्ली काढलेली असतानाही द्यावी लागते. अशी कायमची जोडणी कशी करतात आणि ती करताना भौतिकशास्त्राचे कोणते नियम ध्यानात ठेवावे लागतात, हे या लेखात पाहू.

जोडणी कायमची का?

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१६ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तिची अंमलबजावणी १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना लागू झाली. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना त्यातून वगळले आहे. या नियमानुसार वाहनात ठिकाणदर्शक यंत्र आणि संकटकाळी दाबण्याचे बटण असावे लागते. यंत्र कसे असावे हे 'एआयएस १४०' या मानकात सांगितले आहे. ही मानके पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था प्रसिद्ध करते.

आता समजा, भंडारा जिल्ह्यातील एकोडी गावाहून साकोलीला जाणाऱ्या एखाद्या काळी-पिवळी जीपमध्ये असे यंत्र आहे. चालकाने जीप थांबवून किल्ली काढली, म्हणून यंत्र बंद पडून कसे चालेल? संकट काही किल्ली पाहून येत नाही. म्हणून हे यंत्र बॅटरीशी कायमचे जोडतात. शिवाय कोणी ती तार तोडली, तर तसा इशारा पाठविता यावा आणि पुढे चार तास काम चालावे, यासाठी यंत्राच्या पोटात स्वतःचा छोटा घटही असतो.

जोडणी करणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावे लागतात. वीज कोठून घ्यायची? किती घ्यायची? आणि बिघाड झाला तर काय होईल?

पहिला प्रश्न : कोठून?

मोटारीच्या विद्युतमंडलात घराप्रमाणे दोन-दोन तारा सगळीकडे नेलेल्या नसतात. बॅटरीचे ऋणाग्र गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे धन बाजूची एकच तार उपकरणापर्यंत न्यावी लागते. परतीचा मार्ग सांगाडाच पुरवितो. गॅरेजमध्ये याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. मात्र ही जोडणी रंगावर करून उपयोग नाही. रंग हा विद्युतरोधक आहे. तो खरवडून चकचकीत धातूवर स्क्रू घट्ट बसवावा लागतो.

धन बाजूच्या तारा दोन प्रकारच्या असतात. काहींत नेहमी वीज असते, तर काहींत किल्ली फिरविल्यावरच येते. जर्मन मानकानुसार पहिल्या प्रकाराला ३० हा क्रमांक देतात, दुसऱ्याला १५ आणि सांगाड्याला ३१. रिलेच्या एका पायावर ३० हा आकडा छापलेला असतो, तो येथूनच आला. मोटारीतल्या रेडिओला या दोन्ही प्रकारच्या तारा लागतात. त्याची पिवळी तार बहुधा कायमच्या विजेची, लाल किल्लीनंतरच्या विजेची आणि काळी सांगाड्याची असते. पिवळ्या तारेमुळे रेडिओचे घड्याळ चालू राहते आणि आपण निवडलेली केंद्रे त्याच्या स्मृतीत टिकतात. लाल तारेमुळे किल्ली काढताच गाणे थांबते. तरीही केवळ रंगावर विसंबू नये. किल्ली काढून आणि लावून, दोन्ही वेळा मल्टिमीटरने दाब मोजून खात्री करावी.

तो मोजताना आणखी एक गोष्ट दिसेल. 'बारा व्होल्टची' म्हणून ओळखली जाणारी बॅटरी नेमकी बारा व्होल्टची नसते. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू झाले की जनित्र तिला भारित करू लागते आणि दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो. कॅमेऱ्याला मात्र बहुधा ५ व्होल्टच लागतात. १ अँपिअर प्रवाह लागणाऱ्या कॅमेऱ्यासाठी १४ व्होल्टमधील ९ व्होल्ट नुसत्या रोधात दवडले, तर ९ × १ = ९ वॉट शक्ती उष्णतेत वाया जाईल आणि कॅमेऱ्याला मिळतील फक्त ५ वॉट! म्हणून प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून दाब उतरविणारे परिवर्तक वापरतात. त्यात वाया जाणारा भाग बराच थोडा असतो.

दुसरा प्रश्न : किती?

बॅटरीची धारिता अँपिअर-तासांत सांगतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी १ अँपिअर प्रवाह साधारणपणे ३५ तास देऊ शकेल, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण मोटारीच्या बाबतीत ती पूर्ण रिकामी करून चालत नाही. इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'सेल्फ'ला, क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर लागतात. म्हणून हिशेबासाठी आपण निम्मीच धारिता, म्हणजे १७.५ अँपिअर-तास, खर्चायची परवानगी देऊ.

समजा, एकोडीच्या एका शेतकऱ्याने आपल्या गाडीत ठिकाणदर्शक यंत्र बसविले. ते गाडी उभी असताना ०.०५ अँपिअर घेते. गाडीतील घड्याळ, कुलूप वगैरे मूळची मंडले ०.०३ अँपिअर घेतात. एकूण ०.०८ अँपिअर. हा प्रवाह इतका अल्प आहे की, टॉर्चचा छोटा दिवाही त्यावर धड पेटणार नाही. पण दिवसाचे तास २४ आहेत. ०.०८ × २४ = १.९२ अँपिअर-तास रोज खर्च होतात. १७.५ ला १.९२ ने भागले की उत्तर येते सुमारे ९ दिवस. रोवणीच्या दिवसांत गाडी नऊ-दहा दिवस दारात उभी राहणे काही अवघड नाही. दहाव्या दिवशी घरात कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि गाडी सुरूच झाली नाही, तर दोष यंत्राचा नाही. न केलेल्या या गुणाकाराचा आहे.

यंत्राऐवजी ०.३ अँपिअर घेणारा कॅमेरा सतत चालू ठेवला, तर गाडीच्या मूळ खर्चासह ०.३३ अँपिअर जातील. मग निम्मी बॅटरी ५३ तासांतच संपेल, म्हणजे दोन दिवस आणि थोडे तास.

अशा वेळी एक चमत्कारिक गोष्ट घडते. किल्ली फिरविली की समोरचे दिवे लागतात, पण सेल्फ नुसता 'टक टक' करतो. याचे कारण बॅटरीच्या अंतर्गत रोधात आहे. बॅटरी उतरत गेली की हा रोध वाढतो. समजा, तो ०.०४ ओहम झाला. दिव्यासाठी ५ अँपिअर घेतले, तर आतल्या आत फक्त ०.२ व्होल्ट गळतात. सेल्फने १०० अँपिअर मागितले, तर ४ व्होल्ट गळतात, आणि उरलेल्या दाबावर त्याला इंजिन फिरविता येत नाही. म्हणजे बॅटरीजवळ दाब असतो, पण ताकदीने प्रवाह देण्याची क्षमता उरलेली नसते. शिवाय शिशाच्या पट्ट्यांची बॅटरी बराच काळ उतरलेली ठेवली, तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिचे आयुष्य घटते.

यावर उपाय आहे. कॅमेऱ्याच्या जोडणीत दाबावर नजर ठेवणारा स्विच बसवितात. दाब ठरावीक मर्यादेखाली, उदाहरणार्थ १२.२ व्होल्टखाली, गेला की तो वीज तोडतो. येथे एक खुबी आहे. भार काढताच बॅटरीचा दाब किंचित वर चढतो. स्विच त्याच आकड्याला पुन्हा जोडला गेला, तर तो सारखा चालू-बंद होत राहील. म्हणून तोडण्याचा आकडा खालचा आणि पुन्हा जोडण्याचा वरचा ठेवतात.

तिसरा प्रश्न : बिघाड झाला तर?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आपली तार ३ मीटर लांब आहे आणि तिच्या तांब्याचा छेद ०.५ चौरस मिलिमीटर आहे, असे धरू. तांब्याची रोधकता घेऊन हिशेब केला, तर तिचा रोध सुमारे ०.१ ओहम येतो. कॅमेऱ्याचा ०.३ अँपिअर प्रवाह वाहत असताना तारेत निर्माण होणारी उष्णता = ०.३ × ०.३ × ०.१ = ०.००९ वॉट. बोटाला जाणवणारही नाही.

पण एखाद्या दिवशी हादऱ्यांनी घासून तारेचे आवरण फाटले आणि उपकरणाजवळचे उघडे तांबे सांगाड्याला टेकले, तर? आता वाटेत उपकरण नाही. तारेचे ०.१ ओहम आणि चांगल्या बॅटरीचे सुमारे ०.०१ ओहम एवढाच रोध. प्रवाह = १२ ÷ ०.११ = सुमारे १०९ अँपिअर. तारेतील उष्णता = १०९ × १०९ × ०.१ = जवळजवळ १,२०० वॉट. घरातील कपड्यांच्या इस्त्रीहून अधिक शक्ती एका बारीक तारेत!

या तारेतील तांबे जेमतेम १३ ग्रॅम आहे. तांब्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला दर अंशाला ०.३८५ ज्यूल. म्हणजे १३ ग्रॅम तांबे एक अंशाने तापविण्यास सुमारे ५ ज्यूल पुरतात, आणि येथे सेकंदाला १,२०० ज्यूल ओतले जात आहेत. सुरुवातीला तापमान सेकंदाला दोनशे अंशांहून अधिक वेगाने चढेल. तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे हा वेग पुढे काहीसा कमी होईल. पण तोवर प्लॅस्टिकचे आवरण वितळून गेलेले असेल. शेजारी गालिचा असतो, फोम असतो, इंधनाची नळी असते. गाडीला आग लागण्याचे हे एक ठरलेले कारण आहे.

यापासून वाचविते ती वितळतार, म्हणजे फ्यूज. पुष्कळांची समजूत अशी की, फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो. प्रत्यक्षात तो प्रथम तारेच्या रक्षणासाठी असतो. हे एकदा समजले की तो कोठे बसवावा याचे उत्तर आपोआप मिळते. फ्यूज कॅमेऱ्याजवळ बसविला, तर बॅटरीपासून तेथपर्यंतची ३ मीटर तार उघड्यावरच राहिली. तिच्या मधल्या भागात आवरण फाटले, तर प्रवाह फ्यूजमधून जाणारच नाही. मग तो वितळणार कसा? म्हणून फ्यूज बॅटरीच्या धनाग्रापासून वीतभर अंतराच्या आतच हवा.

गाडीतील पात्यांच्या फ्यूजना ठरावीक रंग असतात. ३ अँपिअरचा जांभळा, ५ चा बदामी, ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा. आपल्या कॅमेऱ्याला ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज पुरे. तो उडाला म्हणून तेथे १५ चा बसविणे किंवा तारेचा तुकडा गुंडाळणे, म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवून दार उघडे ठेवणे होय. फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. आधी कारण शोधावे.

बॅटरी सोडवितानाचा क्रमही याच तत्त्वावर ठरतो. आधी ऋणाग्र सोडवावे, आणि जोडताना ते शेवटी जोडावे. ऋणाग्र जोडलेले असताना धनाग्रावरचा पाना चुकून सांगाड्याला लागला, तर पान्यातूनच शेकडो अँपिअर वाहतील. ऋणाग्र आधी सुटलेले असेल, तर मंडल पूर्णच होत नाही. पाना कोठेही लागला तरी ठिणगी पडत नाही.

करून पाहा

मोटारीच्या बॅटरीवर विद्यार्थ्यांनी प्रयोग करू नयेत. पण फ्यूजचे काम वर्गात शिक्षकांसमोर सहज दाखविता येते. टॉर्चचे १.५ व्होल्टचे दोन घट, टॉर्चचा छोटा दिवा आणि रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या अगदी बारीक स्टील वूलचा एक तंतू घ्या. तंतूचा दोन-तीन सेंटिमीटर भाग दिव्याबरोबर एकसरीत जोडा आणि तो चिनी मातीच्या बशीवर ठेवा. दिवा पेटेल आणि तंतू टिकून राहील. आता एका तारेने दिव्याची दोन टोके थेट जोडा. तंतू लाल होऊन तुटेल. त्यानंतर तंतूची जागा बदलून पाहा. तो दिव्याच्या अलीकडे असला काय किंवा पलीकडे, या मंडलात फरक पडत नाही. मग मोटारीत का पडतो? मोटारीत परतीची वाट म्हणजे सारा सांगाडाच असतो, हे आठवा आणि दोन्ही मंडलांच्या आकृत्या काढून उत्तर शोधा.

विचार करा

१. ६० अँपिअर-तासांची बॅटरी असलेल्या गाडीत ०.०४ अँपिअर घेणारे यंत्र बसविले. गाडीची मूळ मंडले ०.०३ अँपिअर घेतात. निम्मी बॅटरी किती दिवसांत खर्च होईल?

२. वरील उदाहरणातील तार १ चौरस मिलिमीटर छेदाची घेतली, तर तिचा रोध किती होईल? लघुमंडल झाल्यास प्रवाह वाढेल की कमी होईल? मग जाड तारेला फ्यूजची गरज कमी की अधिक?

३. ट्रकमध्ये २४ व्होल्टची बॅटरी असते. तोच ५ वॉटचा कॅमेरा योग्य परिवर्तकासह तेथे बसविला, तर बॅटरीतून प्रवाह जास्त जाईल की कमी?