मोजणी आणि पाळत

निवासी शाळेच्या कार्यालयात अभ्यागतांची नोंदवही असते. कोण आले, केव्हा आले, एवढे तीत लिहिले जाते. पाहुणा पुढे कोठे गेला याचा पाठलाग ती करीत नाही. संकेतस्थळाच्या भेटींची मोजणी शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांपुढे हीच नोंदवही ठेवतो.

पायथॉनच्या ‘फ्लास्क’ या चौकटीत संकेतस्थळाची पाने बहुधा एका मूळ साच्यावरून घडविली जातात. २००५ साली सुरू झालेल्या ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ या सेवेचा जावास्क्रिप्टमधील छोटा तुकडा त्या साच्याच्या शीर्षभागात एकदा घातला की तो सर्व पानांवर पोहोचतो. सेवेने दिलेला ओळखक्रमांक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ठेवावा आणि तो नसल्यास तुकडा वगळला जावा, अशी अट साच्यात घालावी. मग चाचणीच्या वेळच्या आपल्याच फेऱ्या भेटी म्हणून मोजल्या जात नाहीत.

रीत सोपी आहे. परंतु ही नोंदवही आपल्या कपाटात राहत नाही. वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवली जाते, तिच्यावरून तोच ब्राउझर पुन्हा ओळखला जातो आणि नोंद बाहेरच्या कंपनीकडे जाते.

दुसरी रीत अशी : प्रत्येक पान वाचकाकडे धाडण्यापूर्वी चालणारे एक फंक्शन फ्लास्कमध्ये जोडता येते. त्याने पानाचा पत्ता आणि दिनांक एवढेच आपल्या डेटाबेसमध्ये नोंदवावे. आयपी पत्ता नोंदवू नये. चित्रांच्या फायली, न सापडलेली पाने आणि स्वतःची ओळख देणारे शोधयंत्रांचे बॉट वगळावेत. माणसे किती आली हे यातून कळत नाही. पान किती वेळा उघडले गेले, हे कळते. प्रवेशाचे वा शिष्यवृत्तीचे पान पाहिले जाते का, हे जाणण्यास तेवढे पुरेसे आहे.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. शाळेच्या संकेतस्थळाच्या वाचकांत याच वयाची मुलेही असतात.

म्हणून संगणकक्षेत्रात स्थिरावलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : शाळांची संकेतस्थळे घडविताना आधी विचारा, हा आकडा आपल्याला कशासाठी हवा? उत्तर नसेल, तर ती नोंदच करू नका.