ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर : संन्याशाचे युद्ध आणि पत्रांची भाषा



मध्ययुगीन जर्मनीत धर्मपीठ आणि रणांगण यांत फारसे अंतर नव्हते. माइन्झचा आर्चबिशप ख्रिश्चन हा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा चान्सलर; ११६७ मध्ये इटलीतील टस्क्युलमच्या लढाईत त्याने स्वतः सैन्य चालविले. आपल्या साताऱ्याजवळच्या धावडशीस समाधिस्थ असलेल्या ब्रह्मेंद्रस्वामींनी तलवार हाती घेतली नाही. त्यांचे शस्त्र होते पत्र. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाला ते अधिक मोलाचे वाटतात.

स्वामी प्रथम चिपळूणजवळ परशुराम येथे राहत. जंजिऱ्याच्या सिद्दीकडूनच पूर्वी त्या देवस्थानास गावे मिळाली होती, हे ध्यानात ठेवावे. पुढील वैर मुळापासूनचे नव्हते. निमित्त झाले एका हत्तीचे. सावनूरच्या नवाबाकडून मिळालेला हत्ती कोकणात येत असता सिद्दी आणि आंग्रे यांच्या माणसांत तंटा झाला. अंजनवेलचा अधिकारी सिद्दी सात याने ठपका स्वामींवर ठेवला आणि १७२७ च्या महाशिवरात्रीस परशुरामाचे देवालय लुटले. स्वामींनी कोकण सोडले व ते धावडशीस आले. छत्रपती शाहू, बाजीराव, चिमाजी आप्पा, कान्होजी आंग्रे हे सारे त्यांना गुरुस्थानी मानीत. सिद्दीच्या पारिपत्याचा तगादा त्यांनी पत्रांतून चालू ठेवला. १७३३ मध्ये जंजिऱ्यावर मोहीम झाली, ती अर्धवट राहिली. एप्रिल १७३६ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला.

या मोहिमेमागे राज्याचे हेतूही होतेच. कोकणपट्टीवर सत्ता हवी होती आणि रायगड परत मिळवायचा होता. एका संन्याशाच्या रोषापायी सारे युद्ध झाले असे म्हणणे म्हणजे स्वामींना वाजवीपेक्षा अधिक श्रेय, वा दोष, देणे होय.

आता पत्रांकडे वळू. तत्कालीन रिवाजाप्रमाणे कनिष्ठाने वरिष्ठास 'विज्ञापना' करावयाची आणि वरिष्ठाने 'आज्ञा'. पेशवा राज्याचा मुख्य प्रधान. तरी स्वामींना लिहिताना तो सेवक होतो. पण स्वामी पेशव्यांचे सावकारही होते! मोहिमांसाठी त्यांनी कर्जे दिली आणि ती व्याजासह मागितली. त्यामुळे चरणांवर मस्तक ठेवणारा मजकूर वाचताना तो शिष्याचा आहे की ऋणकोचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. बहुधा तो दोघांचाही असतो, आणि मायना त्यातले काहीच सांगत नाही. भक्तीचे संस्कृत शब्द आणि वसूल, ऐवज असे व्यवहाराचे फारसी-अरबी शब्द त्या काळच्या मराठी गद्यात शेजारी-शेजारी नांदतात. लिहिणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही.

द. ब. पारसनीसांनी स्वामींचे चरित्र व पत्रव्यवहार आदरपूर्वक प्रसिद्ध केला. राजवाड्यांनी स्वामींवर कठोर टीका केली. माझ्या मते दोघांनीही माणसाचा निवाडा आधी केला आणि भाषेकडे नंतर पाहिले. आपण उलट क्रमाने जावे.

१७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी अंजनवेल घेतले. त्याच वर्षी धावडशीस स्वामींनी देह ठेवला.

स्वाध्याय : पारसनीसांच्या संग्रहातील पेशव्यांचे कोणतेही एक पत्र निवडा. प्रथम त्याचा मायना झाकून केवळ मजकूर वाचा व लेखक-वाचक यांचे नाते ओळखा. नंतर मायना वाचून आपले उत्तर बदलते का, ते सुमारे दहा ओळींत लिहा.