मुलाचं पोट वारंवार दुखतं: खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

महिन्या-दोन महिन्यांनी मुलाच्या बेंबीभोवती अचानक कळा सुरू होतात. चेहरा पांढराफटक, खाणं नको, मळमळ किंवा उलटी, कधी उजेडही सोसत नाही. तासाभरापासून तीन दिवसांपर्यंत हे चालतं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात मूल खेळायला पळतं. घरचे म्हणतात जंत, शाळा म्हणते दांडीचं निमित्त, शेजारी म्हणतात बेंबी सरकली. बालरोगतज्ज्ञ अशा वेळी अ‍ॅबडॉमिनल मायग्रेनचा, म्हणजे पोटाच्या अर्धशिशीचा विचार करतात. आई-वडिलांपैकी कुणाला अर्धशिशी असेल तर जास्तच.

हा आजार पकडणारी तपासणी नाही. निदान होतं ते नीट विचारपूस करून आणि पोट तपासून. बाकीच्या तपासण्या दुसरं काही नाही ना, हे पाहण्यापुरत्या. तेव्हा पैसे आधी डॉक्टरांच्या वेळेसाठी मोजा, मशीनसाठी नंतर.

अंदाजे खर्च (शहरातले खासगी दर, गावागणिक फरक पडतो)

- बालरोगतज्ज्ञ: ५०० ते १,००० रुपये
- मुलांचे पोटविकारतज्ज्ञ, गरज पडली तर: १,००० ते २,००० रुपये
- रक्त, लघवी, शौचाची साधी तपासणी: ५०० ते १,२०० रुपये
- सिलिअ‍ॅक या आजारासाठी टीटीजी ही रक्ततपासणी, डॉक्टरांनी सांगितली तर: १,००० ते १,५०० रुपये
- पोटाची सोनोग्राफी: १,००० ते २,००० रुपये

सीटी स्कॅन आणि एन्डोस्कोपीचं बिल बऱ्याच हजारांत जातं. त्या सुचवल्या तर ‘नेमकी कसली शंका आहे?’ हे मोकळेपणाने विचारा.

पैसा कुठे गळतो

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘मेसेन्टरिक नोड्स’ वाचून आई-बाप हादरतात. अशा बारीक गाठी ठणठणीत मुलांतही दिसतात. केवळ त्यावरून अँटिबायोटिक किंवा क्षयाची औषधं सुरू होत असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दर दुखण्याला नवा दवाखाना म्हणजे पुन्हा त्याच तपासण्या. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. जंताची गोळी दरवेळी विकत आणू नका, जंतनाशक दिनी ती शाळेत आणि अंगणवाडीत फुकट मिळते.

वीस रुपयांची वही

प्रत्येक वेळी लिहून ठेवा. उदाहरणार्थ: ‘मंगळवार, सकाळी ६.४०. रात्री लग्नाहून आल्यावर साडेबाराला झोप. दूध न पिता व्हॅनमध्ये बसला. दोन उलट्या, अकराला झोपला, चारला बरा.’ अशा चार-पाच नोंदींतून जागरण, उपाशीपोटी प्रवास, परीक्षेचा ताण यांतलं मुलाला काय बाधतं ते दिसू लागतं. वेळेवर झोप, सकाळची न्याहारी आणि भरपूर पाणी या उपायांना पैसे पडत नाहीत.

औषधं

दुखायला लागताच अंधारी, शांत खोली आणि वजनानुसार पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. हे सहसा शंभर-दीडशे रुपयांत भागतं. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. त्रास वारंवार होऊन शाळा बुडत असेल, तर डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल, सायप्रोहेप्टाडिन किंवा फ्लुनारिझिन काही महिने देतात. जनऔषधी केंद्रात जेनेरिक मिळतं का, ते पाहा. मुलाला दमा असेल तर आधीच सांगा, प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. सायप्रोहेप्टाडिन भूक वाढवायचं औषध म्हणून सर्रास खपतं, पण त्याने गुंगी येते. मनाने देऊ नका.

फुकट काय, विम्यात काय

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात येत नाहीत. आरोग्य विम्यात ओपीडीचा खर्च बहुधा मिळत नाही. तुमच्या पॉलिसीत ओपीडी असेल तर चिठ्ठी आणि बिलं जपा.

इथे काटकसर नको

हिरवी किंवा रक्ताची उलटी, शौचातून रक्त, ताप, उजव्या बाजूला खाली सरकलेलं दुखणं, लाकडासारखं कडक पोट किंवा मुलग्याच्या अंडकोशात दुखणं, यांपैकी काहीही दिसलं तर बेंबी चोळत बसू नका, रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. वजन घटत असेल किंवा दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, तर वही मिटा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.