पीडीएफमधला शब्द बदलायचा कसा?

समजा एक विज्ञान प्रदर्शन पुण्याऐवजी नागपूरला भरवायचे ठरले. त्याचे माहितीपत्रक इंग्रजीत आहे आणि त्यात 'पुणे' हे नाव चाळीस ठिकाणी आले आहे. माहितीपत्रक साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असेल, तर काम क्षणाचे. 'हा शब्द शोध आणि त्याच्या जागी तो घाल' एवढी एकच आज्ञा संगणकाला पुरते. पण हाती फक्त पीडीएफ असेल तर? तीच आज्ञा पीडीएफला लावली, तर बहुधा शब्द सापडतच नाही. सापडला आणि बदलला, तर कधी फाइल उघडत नाही, कधी नव्या शब्दातली काही अक्षरे गायब होतात, तर कधी ती शेजारच्या शब्दावर चढतात. असे का होते, ते आज पाहू या.

मजकूर नव्हे, जुळवलेले पान

पीडीएफ म्हणजे पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅट. अडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी 1991 साली ही कल्पना मांडली आणि 1993 साली ती बाजारात आली. 2008 पासून ती आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. उद्देश एकच होता : कोणत्याही संगणकावर उघडा, कोणत्याही यंत्रावर छापा, पान हुबेहूब तसेच दिसले पाहिजे. नंतर मजकूर बदलता यावा, हा मूळ उद्देश नव्हता.

जुन्या छापखान्यातील खिळेजुळाऱ्याचे काम आठवा. तो हस्तलिखित वाचतो, एकेक खिळा उचलतो आणि ओळीत बसवतो. एकदा फर्मा आवळला, की छपाईयंत्राला शब्दांशी कर्तव्य उरत नाही. कोणता खिळा कोठे आहे, एवढेच महत्त्वाचे. पीडीएफचे पान म्हणजे असा आवळलेला फर्मा होय.

त्या पानाच्या आत पुढील प्रकारच्या आज्ञा असतात :

पहिला फाँट 12 मापाचा घे.
डाव्या कडेपासून 72 आणि खालच्या कडेपासून 720 एककांवर जा.
80, 85, 78, 69 या क्रमांकांची अक्षरे उमटव.

येथे एक एकक म्हणजे इंचाचा 72 वा भाग. म्हणजे आपण डावीकडून 1 इंच आणि खालून 10 इंचांवर आहोत. ए-फोर आकाराचे पान या मापाने सुमारे 595 रुंद व 842 उंच असते. आणि 80, 85, 78, 69 हे रोमन लिपीतील पी, यू, एन, ई या चार अक्षरांचे क्रमांक, म्हणजेच आपले 'पुणे'!

शब्द सापडत का नाही?

पहिले कारण असे, की पानाच्या आज्ञा बहुधा दाबून लहान केलेल्या असतात. झिप फाइलमध्ये वापरतात तीच पद्धत येथेही चालते. दाबलेल्या मजकुरात मूळ क्रमांक दिसत नाहीत; तो आधी उलगडावा लागतो.

दुसरे कारण म्हणजे शब्दाचे तुकडे. अक्षरांमधले अंतर डोळ्यांना नीट दिसावे म्हणून पान तयार करणारा प्रोग्रॅम पी-यू एकदा उमटवतो, किंचित सरकतो आणि मग एन-ई उमटवतो. डोळ्यांना शब्द अखंड दिसतो, पण फाइलमध्ये चारही अक्षरे सलग नसतात. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा पुष्कळदा अक्षर म्हणून नसते, नुसती उडी असते.

तिसरे कारण अधिक खोल आहे. फाँटमधील क्रमांक नेहमी 80, 85 असे सर्वमान्य असतीलच असे नाही. पीडीएफ तयार करताना 'पहिले चित्र, दुसरे चित्र' असे खाजगी क्रमांकही दिलेले असतात. कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर, हे सांगणारे कोष्टक सोबत असेल तर ठीक. नसेल तर पान वाचता येते, पण त्यात शोधता येत नाही. आणि पान कागदावरून स्कॅन केलेले असेल, तर त्यात अक्षरे नसतातच, असते ते केवळ चित्र.

देवनागरीची गंमत

आपल्या लिपीत हा प्रश्न आणखी रंगतो. 'किती' हा शब्द संगणक क, ि, त, ी या क्रमाने साठवतो, कारण आपण उच्चार तसा करतो. पण कागदावर पहिली वेलांटी क च्या आधी येते. पीडीएफमध्ये आकृत्यांचा क्रम कागदाप्रमाणे असतो. 'वर्ग' मधला र लिहिताना ग च्या आधी येतो, पण त्याचा रफार ग च्या डोक्यावर बसतो. 'क्ष' साठवताना युनिकोडमधील 2325, 2381 आणि 2359 असे तीन क्रमांक लागतात. फाँटमध्ये मात्र त्याची एकच आकृती असू शकते. म्हणून मराठी पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, की पुष्कळदा वेलांट्या इकडच्या तिकडे झालेल्या दिसतात. मूळ मजकूर त्या आकृत्यांसोबत नोंदवून ठेवण्याची सोय पीडीएफमध्ये आहे, पण प्रत्येक प्रोग्रॅम ती वापरत नाही.

बदलताना काय अडते?

समजा शब्द सापडला. आता 'पुणे' च्या जागी एन, ए, जी, पी, यू, आर अशी 'नागपूर' ची सहा अक्षरे घालायची आहेत.

पहिली अडचण सूचीची. पीडीएफच्या शेवटी एक सूची असते. कोणता भाग फाइलच्या आरंभापासून कितव्या बाइटवर सुरू होतो, हे तीत लिहिलेले असते. आपण चाराऐवजी सहा अक्षरे घातली, की पुढचे सर्व भाग 2 बाइटांनी सरकतात आणि सूची खोटी ठरते. काही वाचक-प्रोग्रॅम ती स्वतः दुरुस्त करून घेतात, काही फाइल उघडायला नकार देतात.

दुसरी अडचण खिळ्यांची. फाइल लहान राहावी म्हणून पीडीएफमध्ये सगळा फाँट भरत नाहीत. जेवढी अक्षरे वापरली तेवढीच घेतात. समजा आपल्या शीर्षकाच्या फाँटमध्ये पी, यू, एन, ई एवढीच अक्षरे आहेत. मग 'नागपूर' साठी ए, जी आणि आर कोठून आणायचे? जुळाऱ्याच्या खणात खिळाच नाही!

तिसरी अडचण रुंदीची. हेल्व्हेटिका या फाँटमध्ये अक्षरांची रुंदी मापाच्या हजाराव्या भागांत देतात. पी 667, यू 722, एन 722, ई 667, बेरीज 2778. 'नागपूर' साठी 722, 667, 778, 667, 722, 722; बेरीज 4278. फरक 1500. अक्षरांचे माप 12 असेल तर 1500 × 12 ÷ 1000 = 18 एकके, म्हणजे बरोबर पाव इंच. लेखन-प्रोग्रॅममध्ये पुढचे शब्द आपोआप सरकतात. येथे प्रत्येक तुकडा आपल्या जागी खिळलेला असतो, म्हणून नवा शब्द शेजाऱ्यावर चढतो.

मग प्रोग्रॅम काय करतो?

चांगला प्रोग्रॅम शब्दाचा पाठलाग क्रमाक्रमाने करतो :

1. फाइलच्या शेवटची सूची वाचून पानाच्या आज्ञा शोधतो आणि त्या उलगडतो.
2. प्रत्येक अक्षराचा क्रमांक कोष्टकात पाहून खरे अक्षर व त्याची पानावरील जागा नोंदवतो.
3. जागांवरून अक्षरांचे शब्द व शब्दांच्या ओळी जुळवतो आणि त्यांत शोध घेतो.
4. सापडलेल्या शब्दाभोवती चौकट आखून तिच्यातली अक्षरे आज्ञांमधून काढून टाकतो.
5. पूर्ण फाँट घेऊन त्या जागी नवा शब्द उमटवतो. मावत नसेल तर माप कमी करतो.
6. फाइल नव्याने लिहून सूची पुन्हा तयार करतो.

पायथन भाषेतील 'पायमूपीडीएफ' या संचात शोधणे, चौकट आखणे आणि चौकटीतले पुसणे यांसाठी तयार आज्ञा आहेत. चौकट मोठी आखली, तर वरच्या-खालच्या ओळीतील अक्षरेही पुसली जातात, हे मात्र ध्यानात ठेवावे. आणि मूळ लेखन-फाइल उपलब्ध असेल, तर शहाणपणाचा मार्ग साधा आहे : दुरुस्ती तीत करावी आणि पीडीएफ पुन्हा काढावी.

झाकणे म्हणजे पुसणे नव्हे

चौथी पायरी नीट समजून घ्यायला हवी, कारण ती चुकली तर नुकसान मोठे होते. पीडीएफमध्ये शब्दावर काळी पट्टी ओढली, तर फाइलमध्ये फक्त 'येथे काळा चौकोन काढ' ही आणखी एक आज्ञा वाढते. पट्टीखालची अक्षरे जिथल्या तिथे असतात. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात असे एक पीडीएफ सादर केले. गुप्त भागावर काळ्या पट्ट्या होत्या. पण पत्रकारांनी तो मजकूर निवडला, दुसरीकडे चिकटवला आणि सारे वाचले.

दुसरा धोका असा, की पीडीएफमध्ये जुने तसेच ठेवून बदललेला भाग फाइलच्या शेपटीला जोडण्याची सोय आहे. पडद्यावर नवे दिसते, पण जुने फाइलच्या पोटात शिल्लक असू शकते. म्हणून एखाद्या यादीतील विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक किंवा पत्ते लपवायचे असतील, तर ते खरोखर काढून टाकून फाइल संपूर्ण नव्याने लिहावी आणि पाठवण्यापूर्वी तीत शोध घेऊन खात्री करावी.

करून पाहा

1. मराठी पीडीएफमधून 'किती', 'वर्ग' आणि 'क्षमा' हे शब्द उचलून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवा. काय बदलले? तीन-चार वेगवेगळ्या पीडीएफ घेऊन तुलना करा.
2. हेल्व्हेटिकाचे माप 10 असेल, तर 'पुणे' आणि 'नागपूर' यांच्या रुंदीतला फरक किती एकके येईल?
3. खणात पी, यू, एन, ई एवढेच खिळे आहेत. एन, ए, एस, आय, के या अक्षरांनी 'नाशिक' जुळवायचे आहे. कोणते खिळे कमी पडतील?
4. स्वतः तयार केलेल्या पीडीएफमधील एका ओळीवर काळी पट्टी ओढा, फाइल साठवा आणि पट्टीखालचा मजकूर उचलता येतो का ते पाहा.