हिवाळ्यातील छायाचित्रे

छायाचित्र हे प्रकाशाने रेखाटलेले चित्र होय. म्हणून ते काढू इच्छिणाऱ्याने प्रथम सूर्याकडे लक्ष द्यावे. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो व माणसाच्या डोळ्यांखाली काळोखी पडते. डिसेंबरअखेर मात्र तो दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर चढतो. सकाळचे किरण तर याहून तिरपे. त्यांत मुखावरील रेषा न् रेषा स्पष्ट दिसते.

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही सकाळी मोटारीने कोल्हारास पोहोचलो. प्रवरेवर धुके होते. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर या भागात ऊस पिकतो, आणि हिवाळ्यात तो तोडण्यास बीड, पाथर्डीकडील कुटुंबे येऊन कोप्यांत राहतात. अशाच एका फडापाशी आम्ही उतरलो. कारण चालत्या गाडीतून काढलेले चित्र बहुधा पुसट येते. हा यंत्राचा नियम झाला.

दुसरा नियम मला ऊस तोडणाऱ्या एका बाईने शिकविला. मी कळ दाबताच ती म्हणाली, “फोटू काढला दादा, पन इचारलं न्हाई.”

मी ओशाळलो व क्षमा मागितली. तेव्हा तिने ओल्या हाताने मुलाचे केस नीट केले आणि त्याला जवळ घेऊन ती उभी राहिली. “पोराला एक फोटू आणून द्या,” एवढेच तिचे मागणे होते. मी वचन दिले.

पंधरा दिवसांनी चित्र घेऊन गेलो, तो फड रिकामा! टोळी पुढे गेली होती. शोध कोणत्या नावाने करावा? नाव मी विचारलेच नव्हते.

१८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा छायाचित्रांचा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक चित्रांखाली जात वा जमात लिहिली आहे, माणसाचे नाव नाही. तो ग्रंथ पाहून मी पूर्वी हळहळलो होतो. माझ्या हातूनही तेच घडले.

आज पुष्कळ घरी फोनमध्येच कॅमेरा असतो. म्हणून मुलांनो, आधी अनुमती घ्या. मग नाव व गाव वहीत टिपा. आणि दिलेले वचन विलंब न करता पाळा. ते चित्र अजून माझ्या मेजावर आहे. प्रकाश त्यात उत्तम उतरला आहे. परंतु ते ज्यांचे, त्यांच्या हाती ते नाही.