दार उघडं, कान बंद

एका बंदिस्त आध्यात्मिक संस्थेतून मी बाहेर पडले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून लोक माझ्याकडे येतात. कुणाची मुलगी नोकरी सोडून आश्रमात राहायला गेलेली असते, कुणाच्या भावाने वाट्याची जमीन विकायला काढलेली असते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथे कोंडून ठेवतात का हो?"

मला कुणीही कोंडून ठेवलं नव्हतं. फाटक दिवसभर उघडं असे. एसटीचा थांबा चालत जाण्याइतका जवळ होता, पर्समध्ये पैसे होते, हातात फोन होता. तरीही मी तिथून हलत नव्हते, कारण बाहेरच्या कुणाच्याही टीकेचा माझ्यावर परिणाम होणार नाही, अशी माझ्या मनाची तयारी आधीच करून घेतलेली होती. ती तयारी कशी होते आणि तिच्यातून वाट कशी निघते, हे सांगण्यासाठी लिहिते आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. पद्धत ओळखता आली की नाव कुठलंही असलं तरी ती दिसते.

सुरुवात मायेने होते

आई गेल्यानंतरच्या दिवसांत शेजारच्या काकू मला गुरुवारच्या सत्संगाला घेऊन गेल्या. तिथे मी रडले तेव्हा "आता पुरे, सावर स्वतःला" असं कुणी म्हटलं नाही. पुढच्या गुरुवारी सगळ्यांना माझं नाव ठाऊक होतं, मी ताप आल्याने गेले नाही तर संध्याकाळी डबा घरी आला. ती माया खरी होती. आतली बहुतेक माणसं साधी, कष्टाळू आणि मनाने चांगली होती. घरच्यांनी हे आधी मान्य करावं. "तुला फसवलंय सगळ्यांनी" असं म्हणणारा माणूस आतल्या माणसाच्या स्वतःच्या अनुभवाला खोटं ठरवतो, आणि तिथेच त्याचं ऐकणं थांबतं.

मग पायऱ्या सुरू होतात. आधी सर्वांसाठी सत्संग, मग निवडक लोकांसाठी शिबिर, मग दीक्षा, मग निकटच्या साधकांची बैठक. प्रत्येक पायरीवर बाहेर न बोलण्याची एक गोष्ट वाढते. "लोकांची अजून तेवढी तयारी नाही, त्यांचा गैरसमज होईल," असं प्रेमाने सांगितलं जातं. काही दिवसांत आपल्या आयुष्यातला मोठा भाग असा होतो, की तो भावाला सांगता येत नाही, मैत्रिणीला सांगता येत नाही. ज्याविषयी कुणाशी बोलताच येत नाही, त्याविषयी कुणाचा सल्ला तरी कसा मिळणार?

गुप्तता दर वेळी वाईटच असते, असं मी म्हणत नाही. गुरूने दिलेला मंत्र मनात ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं जपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या उलगडल्या आणि आज त्यांतलं 'लीळाचरित्र' विद्यापीठात शिकवलं जातं, त्यावर उघड वाद होतात. पंथ त्यामुळे लहान झाला नाही. पाहायचं ते एवढंच की गुप्ततेआड काय आहे. मंत्र आणि पोथी असेल तर एक वेळ ठीक. पैशांचा हिशेब, महाराजांचं वागणं आणि सोडून गेलेल्यांची नावं असतील, तर ती गुप्तता शिष्यासाठी नसते.

टीकेच्या आधी तिचं उत्तर

शिबिराच्या पहिल्याच दिवशी आम्हांला सांगितलं गेलं: "आता घरचे विरोध करतील. म्हणतील, तू बदललीस. म्हणतील, पैसे किती दिले? वर्तमानपत्रात काहीबाही छापून येईल. ही तुमची परीक्षा आहे." महिन्याभरात दादाने नेमकं तेच विचारलं: "तू किती बदललीस गं! पैसे किती दिलेस तिथे?" त्याच्या काळजीने मला काही वाटलं नाही. उलट संस्थेच्या महाराजांना हे आधीच दिसलं होतं, याने मी भारावून गेले. जो प्रश्न मला जागं करू शकला असता, त्यानेच माझी श्रद्धा घट्ट झाली. सारी पद्धत या एका युक्तीवर उभी आहे.

आतून शंका आली तर तिला 'विकल्प' म्हणत. विकल्प आला म्हणजे साधना कमी पडली, अहंकार उरला. हिशेबाविषयी विचारलं तर उत्तर हिशेबाचं मिळत नसे, माझ्या मनाच्या अवस्थेचं मिळे. दर आठवड्याला मनातले विकल्प वहीत लिहून आमच्या गटाच्या ताईंकडे द्यायचे असत. एकदा एका जवळच्या साधिकेशी मी रात्री हळू आवाजात बोलले आणि दुसऱ्या दिवशी ताईंनी ते वाक्य जसंच्या तसं मला ऐकवलं. त्या साधिकेने माझं भलं व्हावं म्हणूनच सांगितलं होतं. त्यानंतर मी कुणाशी बोलले नाही. प्रत्येकीच्या मनात शंका असेल, पण प्रत्येकीला वाटे की आपण एकटीच कच्ची.

बाहेर आल्यावर मी वाचायला लागले तेव्हा कळलं, की हे जगभर असंच घडत आलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी 1954 मध्ये एका छोट्या गटात मिसळले होते. 21 डिसेंबरला महापुराने प्रलय होणार, असा त्या गटाचा विश्वास होता. पूर आला नाही. जे एकत्र बसून वाट पाहत होते, त्यांतले बरेच जण त्यानंतर अधिकच जोमाने प्रचाराला लागले. जे त्या रात्री आपापल्या घरी होते, त्यांचा विश्वास बहुतांशी ओसरला. खोटं ठरलेली गोष्टसुद्धा भोवतालच्या माणसांच्या आधाराने उभी राहते, म्हणून अशा गटांना सर्वांत जास्त भीती वाटते ती आपला माणूस इतरांमध्ये मिसळण्याची.

टोकाला गेलं तर

1977 मध्ये 'न्यू वेस्ट' या कॅलिफोर्नियातल्या मासिकात, सोडून गेलेल्या सदस्यांच्या मुलाखती छापून येणार हे कळताच पीपल्स टेंपल या पंथाचा प्रमुख जिम जोन्स सॅन फ्रान्सिस्कोहून गयानाला निघून गेला आणि त्याच्या पाठोपाठ शेकडो अनुयायी जंगलातल्या वसाहतीत पोचले. तिथे पत्रं तपासली जात. ध्वनिवर्धकावर तासन्‌तास त्याचाच आवाज चाले, जगाच्या बातम्याही तोच सांगे. 18 नोव्हेंबर 1978 रोजी त्याच्याच आदेशावरून तिथे 900 हून अधिक माणसं मेली, त्यांत सुमारे 300 मुलं होती. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून 1981 मध्ये अमेरिकेत गेलेल्या रजनीशांच्या ओरेगॉनमधल्या वसाहतीत, त्यांची सचिव शीला 1985 मध्ये निघून गेल्यावर, आपल्याच माणसांचं बोलणं चोरून ऐकण्यासाठी बसवलेली यंत्रं सापडली. माझ्या वहीची मला आठवण झाली ती हे वाचताना.

जपानमध्ये त्सुत्सुमी साकामोतो नावाचा वकील ओम शिनरिक्यो पंथातल्या तरुणांच्या पालकांची बाजू लढवत होता. ऑक्टोबर 1989 मध्ये त्याची मुलाखत टीबीएस वाहिनीने प्रसारणाआधीच पंथाच्या लोकांना दाखवली. काही दिवसांत तो, त्याची पत्नी आणि त्यांचं तान्हं मूल यांचा पंथाच्या माणसांनी खून केला. याच पंथाने 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला. आपल्या देशात सिरसाच्या डेरा सच्चा सौदातल्या एका साध्वीने 2002 मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिलं ते निनावी. उच्च न्यायालयाने त्याची दखल घेऊन सीबीआय चौकशीचा आदेश दिला, तरी डेऱ्याचा प्रमुख गुरमीत राम रहीम याला बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा व्हायला ऑगस्ट 2017 उजाडलं.

प्रत्येक सत्संग असा टोकाला जातो, असं मुळीच नाही. पण टीका ऐकू न देण्याची सवय एकदा लागली, की पुढे काय काय होऊ शकतं हे या घटना सांगतात.

भीती कशी सुटली

आमच्यातली एक साधिका सोडून गेली होती. गुरुकृपा सुटल्यामुळे तिला अर्धांगवायू झाला, नवऱ्याने टाकलं, असं आम्ही ऐकत आलो होतो. ती गोष्ट अनेकींना धरून ठेवत होती, मलाही. मी एका नातेवाइकाच्या लग्नाला जात असताना ती मला मिरजेच्या स्टँडवर भेटली. मुलाचा हात धरून धावत गाडी पकडायला आली होती. चांगली धडधाकट. "तू कशी आहेस?" असं तिनेच मला विचारलं. संस्थेबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी तो निंदा म्हणून झटकून टाकला असता. तिला चालताना-बोलताना पाहिलं आणि ते मात्र मला झटकता आलं नाही. एक गोष्ट खोटी निघाली, तेव्हा बाकीच्या तपासाव्याशा वाटल्या.

तपासायला एक जागा उरली होती, कारण दादाने फोन कधी थांबवला नव्हता. पहिल्या भांडणानंतर त्याने संस्थेचा विषयच सोडला. भाचीचा दहावीचा निकाल, परसातल्या पेरूला आलेला बहर, आईच्या वर्षश्राद्धाची तारीख, एवढंच बोले. मी तुटक उत्तरं दिली तरी पुढच्या रविवारी फोन येई. मी परतले तेव्हा "सांगितलं होतं ना" हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. वहिनीने खोली आवरून ठेवली होती.

नव्याने जाणाऱ्यांसाठी

श्रद्धा सोडा, असं मी सांगत नाही. मी आजही देवपूजा करते. पण कुठेही मन गुंतवण्याआधी काही गोष्टी विचारून पाहा. इथे जे चालतं ते मी घरी मोकळेपणाने सांगू शकते का? इथून सोडून गेलेल्यांविषयी आदराने बोललं जातं का, की ते सगळेच पतित, आजारी किंवा विकले गेलेले असतात? महाराजांचा निर्णय चुकला, असं इथे कुणी उघड म्हटलं आहे का, आणि तो माणूस अजून इथेच आहे का? महिनाभर आले नाही तर चालेल का? शिबिरात झोप पुरेशी मिळते का? झोप मोडलेल्या माणसाला स्वतःच्या डोक्याने विचार करता येत नाही. पैसे मागितले तर सार्वजनिक न्यासाची नोंदणी कुठे आहे ते विचारा. महाराष्ट्रात अशा न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते, त्यांना लेखापरीक्षण झालेले हिशेब द्यावे लागतात. साध्या प्रश्नावर चेहरे बदलले, तर उत्तर मिळालं असं समजा.

आणि एक पथ्य पाळा. संस्थेबाहेरचा निदान एक माणूस असा ठेवा, की ज्याला सगळं सांगता येईल. वारीत चालणारा माणूस दिंडीत असतो तसाच आपल्या घरात आणि गावातही असतो. विठ्ठलासाठी त्याला भाऊ सोडावा लागत नाही.

घरच्यांसाठी

वाद घालू नका. तुमचा प्रत्येक मुद्दा त्यांना आधीच शिकवून ठेवलेला आहे. महाराजांना शिव्या देऊ नका, बळजबरीने ओढून आणू नका, "तू आम्हांला मेलीस" असं तर रागातही म्हणू नका. ते वाक्य संस्थेला हवंच असतं. त्याऐवजी विचारा: "तिथे तुला काय मिळतं? कशाचा त्रास होतो का?" आणि उत्तर पूर्ण ऐका. पैशांच्या बाबतीत मात्र ठाम राहा. संयुक्त खातं, घराची कागदपत्रं, मुलांचं शिक्षण आणि औषधपाणी यांवर तडजोड करू नका.

कायद्याची मर्यादाही समजून घ्या. सज्ञान माणूस स्वखुशीने राहतो म्हणत असेल, तर न्यायालय त्याला घरी पाठवू शकत नाही. पण फसवणूक, मारहाण, लैंगिक शोषण किंवा अल्पवयीन मुलाचा प्रश्न असेल तर एक दिवसही थांबू नका, पोलिसांत जा. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाखाली लुबाडणं, दहशत घालणं यांसाठी त्यात 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाहेर आलेल्या माणसाला भीती, अपराधीपणा आणि रिकामेपण यांतून सावरायला वेळ लागतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक जवळ ठेवा.

जे आज आत आहेत आणि ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांना एवढंच सांगते: शंका येणं हे पाप नाही. ती वहीत लिहून कुणाच्या हाती देऊ नका. सोडून गेलेल्या एका तरी माणसाला स्वतः जाऊन भेटा आणि मग काय ते ठरवा.

आणि तुमच्या घरातलं कुणी आत असेल, तर हा लेख त्यांना पाठवू नका. तो निंदेच्या खात्यात जमा होईल. त्यांना फोन करा, घरातली खबर सांगा आणि येत्या सणाला जेवायला बोलवा. नाही आले, तर पुढच्या सणाला पुन्हा बोलवा.