वीस तारखेनंतरचे उपास

हे बघ, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझा गुरुवार आहे." सोमवारीही उपास होता, मध्ये एकदा ॲसिडिटी झाली. अगं, थोरली आहे मी तुझी! वीस तारखेनंतरच तुझे सगळे देव कसे जागे होतात, ते कळतं मला.

तू पॅकिंगला, जावई सिक्युरिटीला. दोघं राबता, तरी खोलीभाडं, फी, गॅस भागवून उरतं काय? भाडं थांबत नाही, आमटीत मात्र पाणी वाढवता येतं. ती पातळ आमटीही पोरांना आणि त्यांना वाढून तू तळाला चपाती फिरवतेस. आईही हेच करायची. तू नको करूस.

गावच्या रेशनकार्डावर तुम्हा चौघांची नावं आहेत ना, प्राधान्य कुटुंबात? मग पुण्यातल्या रेशन दुकानात जाऊन अंगठा लाव. माणशी 5 किलो धान्य, तेही फुकट. तुमच्या वाट्याचं तुम्ही इथे उचला, सासूबाई त्यांचं गावात उचलतील. दुकानदार "गावाला जा" म्हणाला तर पुरवठा कार्यालयात तक्रार करते म्हणून सांग. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलंय ते, कुणाचे उपकार नाहीत. त्याच कायद्यानं घरातल्या थोरल्या बाईला कार्डावर कुटुंबप्रमुख केलंय, हे मला फार आवडतं. डाळ-तेलाचं मात्र तुलाच बघावं लागेल, पण गहू-तांदळाचे वाचलेले पैसे तिकडे वळव. आणि पोराला शाळेतली खिचडी खाऊ दे. "आपण काय गरीब आहोत का" म्हणत वेगळा डबा नको.

तुझ्या शेजारणीचं अवघड आहे. शहरात प्राधान्य कुटुंबांच्या यादीत बसायला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 59,000 च्या आत हवं, अशी मर्यादा कायदा आला तेव्हा राज्यानं घातली. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत! चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्यात बसणार कशी? अशांसाठी मग रोटी बँका. मुंबईत डबेवाल्यांनी 2015 मध्ये सुरू केली, 2017 च्या अखेरीस माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही. लग्नात, पार्टीत उरलेलं चांगलं अन्न भुकेल्यांपर्यंत पोचवतात. मोठं काम आहे, पण कुणाकडे किती उरेल त्यावर रोजचा स्वयंपाक कसा ठरवायचा? तिच्या घराला कोरडा शिधाच हवा. जवळपास कुणी देत असेल तर तिला एकटीला पाठवू नकोस, सोबत जा. दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीचं केंद्र तुमच्याकडे चालू आहे का, तेही विचार.

लाज वाटते म्हणालीस. ती पगार रखडवणाऱ्या तुझ्या ठेकेदाराला वाटू दे.

शनिवारी सुट्टी आहे ना? आधार कार्ड घेऊन रेशन दुकानात जा, चौघांचं ई-केवायसी झालंय का बघ, आणि संध्याकाळी मला फोन कर. जेवून मग.